खिचडीनंतरची सावली

यंदा विज्ञानाच्या ऑनलाइन चाचणीत माझ्या शाळेचा निकाल केंद्रात सर्वांत खाली लागला आणि वरून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा मी देणारच आहे. पण तो एका पानात बसवायचा असतो, आणि घडलेलं एका पानात बसत नाही. म्हणून आधी हे सगळं माझ्यापुरतं लिहून काढते, म्हणजे खुलाशात नुसता राग उतरणार नाही.

मी प्राथमिक शिक्षिका. राहते केडगावात आणि शाळा नगर तालुक्यातल्या एका लहान गावात, स्कूटीवरून पाऊण तास. शाळा चौथीपर्यंत आणि शिक्षक दोन. मुख्याध्यापक सर पहिली-दुसरी घेतात, मी तिसरी-चौथी. अशा दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होतं आणि त्यावर एक केंद्रप्रमुख असतात. माझ्या तोंडाला लागू नये हे आमच्या केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. गेल्या वर्षी एका नऊ वर्षांच्या मुलीनं तो उतरवला.

आमच्या वर्गात ग्रामपंचायतीनं दिलेला मोठा टीव्ही आहे आणि एक टॅब आहे. दर सोमवारी शिक्षकांच्या ग्रुपवर विज्ञानाच्या व्हिडिओची लिंक येते, मंगळवार ते शुक्रवार तो दाखवायचा आणि शनिवारी टॅबवर मुलांची चाचणी घ्यायची. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण उमटते आणि टाळ्या वाजतात. चुकलं की लाल फुली येते आणि ‘टुंग’ असा एक कोरडा आवाज होतो. तो आवाज आला की टॅब धरलेलं मूल मान खाली घालतं.

मी या व्हिडिओंच्या विरुद्ध आहे असं कोणी समजू नये. बावीस वर्षं मी फळ्यावर खडूनं देवमासा काढत आले, आणि बावीस वर्षं तो भोपळ्यासारखा दिसत आला. खरा देवमासा पाण्याबाहेर येऊन श्वास सोडताना पोरांनी टीव्हीवर पाहिला तेव्हा त्यांनी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन लावायला लावला, आणि पाचव्यांदा मीच लावला. कोषातून फुलपाखरू बाहेर पडताना वर्गात एवढी शांतता होती की बाहेर खिचडीच्या कुकरची शिट्टी झाली तरी कोणी हललं नाही. आमच्या गावच्या पोरांना हे कुठून दिसणार होतं? मी त्या बनवणाऱ्यांना मनातून कित्येकदा शाबासकी दिली आहे.

मग फेब्रुवारीत सावलीचा व्हिडिओ आला. टोपी घातलेला एक चित्रातला मुलगा मैदानात उभा आहे. सकाळी त्याची सावली लांब, मग आखूड, मग आणखी आखूड. बारा वाजता सूर्य बरोबर टोपीवर आणि पायाखाली एक काळा गोल. एका बाईंचा गोड आवाज म्हणतो, दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. मीही हे वाक्य बावीस वर्षं असंच म्हणत आले होते, फक्त आवाज एवढा गोड नव्हता.

चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. ती एरवी फार बोलायची नाही. एका वेणीची रिबन कायम सुटलेली, आणि दप्तरात कुठून कुठून गोळा केलेल्या तांब्याच्या तारांचे तुकडे. तिच्या आजोबांचं स्टँडजवळ पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान आहे आणि गावच्या मशिदीत अजानही तेच देतात.

“मॅडम, बाराला न्हाई येत सूर्य डोक्यावर,” ती म्हणाली. “जवाल पावनेएकला हाय.”

जवाल म्हणजे काय ते मला तिनंच सांगितलं. सूर्य आकाशात पार वर पोचतो ती वेळ. त्या वेळी नमाज पढायची नसते. तो कलला की मग दुपारची नमाज. रोजची वेळ मशिदीतल्या भिंतीवरच्या तक्त्यात दिलेली असते आणि तिचे आजोबा ती बघूनच अजान देतात.

मी म्हणाले, “तक्त्यातलं राहू दे. पुस्तकात काय आहे?”

तिनं पुस्तकातलं सांगितलं आणि खाली बसली. पण बसताना माझ्याकडे जे पाहिलं ते मला दिवसभर पुरलं. दुसऱ्या दिवशी ती आजोबांच्या दुकानातून मीटरभर लांबीचा लोखंडी गज आणि तो उभा राहावा म्हणून सिमेंट भरलेला डबा घेऊन आली. आता मला नाही म्हणता येईना.

खरं म्हणजे सावलीचा हा प्रयोग मी दर वर्षी घेते. अंगणातल्या शहाबादी फरशीवर काठी उभी करायची, दहाला खडूची खूण, अकराला खूण, बाराला खूण. सावली कमी कमी होत गेली का? गेली. मग चला, हात धुवा, ताटं घ्या. आमच्याकडे बाराला खिचडी. खिचडी झाली की फरशीवर पाणी, शितं, चाळीस पायांचे ठसे आणि खुणा पुसलेल्या. बावीस वर्षांत बारानंतरची सावली मी एकदाही मोजली नव्हती. बाराला सावली सर्वांत लहान असते असं मी शिकवत होते, कारण बारानंतर आम्ही जेवत होतो.

त्या दिवशी ती मुलगी ताट घेऊन गजाशेजारी बसली. दर पाच मिनिटांनी मुख्याध्यापक सरांना वेळ विचारायची आणि खूण करायची. बारा पाचला सावली आणखी कमी झाली. सव्वाबाराला आणखी. मग एकेक पोरगं ताट घेऊन तिच्याभोवती बसलं, आणि थोड्या वेळानं मीही गेले. साडेबाराला आणखी कमी. बारा चाळीस, पंचेचाळीस आणि पन्नास या तीन खुणा जवळजवळ एकावर एक आल्या. बारा पंचावन्नला सावली पुन्हा वाढायला लागली. बाराच्या खुणेपेक्षा ती पावणेएकला जवळजवळ तीन बोटं कमी होती.

आणि पायाखाली? पायाखाली काही नव्हतं. सर्वांत लहान झाली तेव्हाही ती जवळजवळ तीन विती लांब होती, सरळ उत्तरेकडे पसरलेली.

मुलीनं सगळ्या वेळा वहीत लिहिल्या. माझ्या ताटातली खिचडी गार होऊन तिची वडी झाली होती.

घरी आल्यावर मी शोधलं. हेही मला मोबाईलवरच मिळालं, दुसऱ्या एका व्हिडिओत, हे मान्य केलं पाहिजे. आपलं घड्याळ लावलंय ते उत्तर प्रदेशातून जाणाऱ्या एका रेघेवर. आपण तिथून बरेच पश्चिमेला, म्हणून नगरला सूर्य अर्धा तास उशिरा पोचतो. शिवाय वर्षभरात ती वेळ थोडी पुढेमागे सरकते. आणि तो बरोबर डोक्यावर येतो ते वर्षात फक्त दोन दिवस. त्यातला एक मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, आणि दुसरा जुलैत, आभाळ भरलेलं असताना. म्हणजे शाळेच्या पोराला हे कधी दिसूच नये अशी सोय आहे.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांच्या दुकानात थांबले. त्यांनी मोटारीतून हात काढला, फडक्याला पुसला आणि मोबाईलमधला तक्त्याचा फोटो दाखवला. त्या दिवसाच्या रकान्यात बारा पंचेचाळीस. “भिंगारच्या बाजारातनं आनलाय, पन हिशोब नगरचाच हाय,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आसपास सव्वाबाराला येतंय. मंग सरकत सरकत पावनेएक. तुमाला म्हाईत नव्हतं व्हय?”

मी म्हणाले, “नव्हतं.” एवढं एक मी तरी सरळ बोलले.

त्याच महिन्यात वर्षाची मोठी चाचणी होती. दहापैकी दहा मिळवणाऱ्या मुलांना केंद्रातून पुण्याला नेणार होते, विज्ञान केंद्र आणि तारांगण बघायला. या मुलीचे वर्षभर शनिवारी पैकीच्या पैकी आलेले. तारांगणाचं तिच्या डोक्यात बसलं होतं. “आत अंधार करून तारे दावत्यात ना, मॅडम? दिवसासुदीक?” असं तिनं मला तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा मी हो म्हणाले होते. चाचणीला दोन संधी असायच्या आणि दुसरी धरली जायची.

सातवा प्रश्न होता, दुपारी बारा वाजता आपली सावली कोठे असते? पूर्वेला, पश्चिमेला, पायाखाली, यांपैकी नाही. तिनं जराही न थांबता ‘यांपैकी नाही’ दाबलं.

टुंग.

तिनं टॅब कानाशी धरून हलवला. “मॅडम, ह्यो बिघडलाय,” ती म्हणाली.

टॅब बिघडलेला नव्हता. मी आधी त्यांच्या अभिप्रायाच्या चौकटीत सगळं सविस्तर लिहिलं, गज, वेळा, बोटं, सगळं. लगेच उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आणि पुढे एक हसरा चेहरा. मग केंद्रप्रमुखांना फोन लावला. माणूस वाईट नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं खरं असेल. पण उत्तरसूची वरून आलीय. आता मी काय सूर्य सरकवू का? पोरीला सांगा, टॅबवर एक दाबायचं, मनात दुसरं ठेवायचं. आपण सगळे तेच करतो की.” मुख्याध्यापक सर शेजारीच उभे होते. तेही म्हणाले, “एका बटणाचा तर प्रश्न आहे. लेकरू पुणं बघून येईल.”

आणि मी ऐकलं. मीटिंगमध्ये माईक हिसकावून बोलणारी मी, दोन बदल्या पचवलेली मी, एका बटणासमोर गुपचूप वाकले. त्या मुलीला मी व्हरांड्यात नेलं आणि इतक्या मऊ आवाजात बोलले की माझा मलाच ओळखू येईना. “बाळा, आजच्यापुरतं पायाखाली दाब. मग पुण्याला जायचं ना?”

तिनं विचारलं, “मंग माजी वही खोटी हाय का?”

“खोटी नाही गं. पण त्यांना हेच उत्तर हवंय.”

“त्यांनी आपल्या गजाची सावली बघितली का?”

“नाही.”

“मंग त्यांला कसं म्हाईत?”

मी तिच्या हातात टॅब दिला आणि डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे झालं आता, असं. तिनं एकेक प्रश्न सोडवला, टाळ्या वाजत गेल्या. सातव्याला ती थांबली. बोट ‘पायाखाली’च्या वर गेलं, तिथं थोडा वेळ राहिलं. मला तेव्हा मनातून सुटल्यासारखं झालं, हे कबूल करते. मग तिनं बोट खाली सरकवलं आणि ‘यांपैकी नाही’ दाबलं.

टुंग.

उरलेले तीन प्रश्न तिनं बरोबर सोडवले, टॅब माझ्या हातात दिला आणि चपला घालायला गेली. पायरीवर पाठमोरी बसून बराच वेळ चपलेचा पट्टा लावत होती. तिच्या चपलेला पट्टा नव्हता.

मी तिच्यावर चिडले. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. एवढं समजावून सांगितलं, एवढं जीव तोडून, आणि ही पोरगी स्वतःच्या हातानं घालवून बसली, असं सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. आता लिहिताना लाज वाटते. राग तिचा नव्हताच. मला जे जमलं नव्हतं ते तिनं माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवलं होतं.

सहलीची बस आमच्या गावच्या फाट्यावरून गेली. आमच्या शाळेचं त्यात कोणी नव्हतं. त्या दुपारी आजोबा शाळेत आले. मला वाटलं भांडायला आले. खुर्ची दिली तरी ते दारातच उभे राहिले.

“पोरीला पुन्याला नेनार हुते म्हनं,” ते म्हणाले. “दोन दिवस जेवली न्हाई नीट. सांगत बी न्हाई काय झालं ते.”

मी त्यांना सगळं सांगितलं. प्रश्न सांगितला, उत्तर सांगितलं. शेवटी मी म्हणाले, “मी तिला सांगितलं होतं ते बटण दाबायला. तिनं माझं ऐकलं नाही.”

त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. मग म्हणाले, “म्हंजे तुमाला म्हाईत हुतं चूक हाय ते.”

“हो.”

“मंग तुमचं चुकलं, मॅडम.” आवाज चढवला नाही, काही नाही. जळलेली वाइंडिंग बघून गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. मग मुलीला हाक मारली, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि दोघं दुकानाकडे गेली.

ही मुलगी यंदा पाचवीत, शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत आहे. गज मात्र तिनं आमच्या शाळेला ठेवला.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा तोच व्हिडिओ आला. तीच टोपी, तोच काळा गोल, तोच गोड आवाज. मी तो दोनदा पूर्ण दाखवला. मग पोरांना अंगणात नेलं आणि मुख्याध्यापक सरांना सांगितलं, आज खिचडी एक वाजता. सर म्हणाले, असं करता येत नाही. खिचडी शिजवणाऱ्या ताई म्हणाल्या, गार झाली तर मला बोलायचं नाही. मी म्हणाले, मला बोला काय बोलायचं ते. एकोणीस पोरं भुकेल्या पोटी गजाभोवती उकिडवी बसली आणि त्यांनी बाराची सावली पाहिली, साडेबाराची पाहिली, पावणेएकची पाहिली. तिसरीतल्या एकानं स्वतः गजाशेजारी उभं राहून दोन्ही पाय उचलून बघितले, खाली काही आहे का म्हणून. मग सगळ्यांनी तसंच केलं. खिचडी गार झाली होती आणि ताई खूप बोलल्या.

शनिवारी मोठ्या चाचणीच्या आधी मी एवढंच सांगितलं, “जे पाहिलं ते दाबायचं. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही.” एकापाठोपाठ एक टॅब फिरत गेला. सातवा प्रश्न आला की टुंग. पुढचं पोरगं, टुंग. एकोणीस वेळा. दुसऱ्या संधीला पुन्हा एकोणीस वेळा. पाचव्या-सहाव्या टुंगनंतर पोरं हसायला लागली. मान कोणी खाली घातली नाही. सर व्हरांड्यात येऊन उभे राहिले आणि परत गेले. मला फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

केंद्रातल्या बाकी सगळ्या शाळांना त्या प्रश्नात शंभर टक्के. शिक्षण परिषदेत निकालाचा तक्ता पडद्यावर लावला तेव्हा सगळ्या हिरव्या रांगांखाली आमची एक रांग लाल होती. शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेनं कानात विचारलं, “काय गं, पोरांना दाखवला नाहीस का व्हिडिओ?” मी म्हणाले, “दोनदा दाखवला.” चार दिवसांत खुलाशाचं पत्र आलं.

खुलाशाला पुरावा जोडावा म्हणून काल संध्याकाळी मी आजोबांच्या दुकानात गेले. ती मुलगी स्टुलावर बसून तार गुंडाळत होती. वही मागितली तर आधी नाहीच म्हणाली. मग दिली, पण बजावून दिली, “झेरॉक्स काढून लगेच परत द्या मॅडम. रविवारी लागती.”

वही भरत आली होती. तिनं थांबवलंच नव्हतं. वर्षभर दर रविवारी, दुकानातल्या दुसऱ्या गजाची, वेळ आणि सावली. जुलैची पानं बहुतेक सगळी ‘ढग’ या एका शब्दाची. आणि मे महिन्यात, सुट्टीतल्या एका पानावर, रविवार नसतानाही, ‘१२ वाजून २७ मिनिटे. आज गजाला सावली नव्हती. पायाखाली.’ खाली दोन रेघा ओढलेल्या. ज्या उत्तरासाठी तिची सहल गेली ते उत्तर खरं असतं तो दिवस तिनं उन्हात उभं राहून शोधला होता, आणि इमानदारीनं लिहूनही ठेवला होता.

मी मान वर केली तर आजोबा मोटारीत हात घालून माझ्याकडे बघत होते.

खुलासा आज सकाळी लिहिला. शाळेचा शिक्का मारला आणि पाठवायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचला.

‘महोदय, मुलांनी सावली प्रत्यक्ष मोजली व जे दिसले तेच उत्तर दिले. यात चूक नाही, म्हणून खुलासाही नाही. मात्र गेल्या वर्षी याच प्रश्नाला, खरे काय ते माहीत असताना, मी एका विद्यार्थिनीला खोटे उत्तर द्यायला सांगितले होते. तिने माझे ऐकले नाही. त्याबद्दल माझ्याकडे आजवर कोणी खुलासा मागितलेला नाही, तो मी आपण होऊन देते. माझे चुकले. विद्यार्थिनीच्या वहीच्या प्रती जोडल्या आहेत. पडताळणीसाठी शाळेत अवश्य यावे. येताना बाराला येऊन लगेच जाऊ नये. पावणेएकपर्यंत उन्हात थांबावे लागेल.’